वेळ टिपली कोठें?

घरांतील दोन घड्याळांत अंतर पडलें म्हणजे आपण एकाचा कांटा सरकवून मोकळे होतों. ज्या घरांतील मुलगा वा सून संगणकांचीं घड्याळें जुळविण्याचें काम करते, त्या घरांत एवढ्यानें भागत नाहीं. अंतर किती, याआधीं तें कोणत्या जातीचें, हें पाहावें लागतें.

आमच्या जुन्या जालन्याचाच दाखला घ्या. हें गांव सुमारें ७५.९ पूर्व रेखांशावर, म्हणजे उज्जयिनीच्या याम्योत्तरवृत्तापासून अगदीं जवळ आहे. प्रमाणवेळ मात्र ८२.५ अंशांवरून मोजतात. दर अंशास चार मिनिटें धरल्यास येथील स्थानिक मध्यम वेळ सुमारें साडेसव्वीस मिनिटें मागें राहते. हें अंतर उद्यांही तेवढेंच असणार. त्यांत घड्याळाचा दोष नाहीं. इ. स. १९०६ त प्रमाणवेळ सुरू झाल्यावरही ३९ मिनिटें मागें असलेली 'मुंबई वेळ' त्या शहरांत कित्येक वर्षें टिकून होती, ती अशीच.

नेटवर्क कार्डावर स्वतःचें निराळें घड्याळ असतें. 'पीटीपी' पद्धतींत तें बहुधा आंतरराष्ट्रीय अणुकाल दाखवितें, तर संगणक समन्वित जागतिक वेळ. १ जानेवारी २०१७ पासून या दोहोंत ३७ सेकंदांचें अंतर आहे. तेव्हां फरक नेमका ३७ सेकंदांचा दिसल्यास कार्ड बदलण्याची घाई करूं नये. ही वजाबाकी करावयाची कोणी, एवढेंच ठरवावें.

खरा त्रास डळमळणाऱ्या अंतराचा. पाहुणा आल्याची वेळ ओसरीवरच्या माणसानें तेथेंच लिहिली तर ती खरी. माजघरांत निरोप पोहोंचल्यावर लिहिली, तर घरांतील लगबगीप्रमाणें रोज निराळा उशीर तींत मिसळतो. संदेश तारेवरून येतांजातां कार्डानेंच वेळेचा शिक्का मारावा, ही ओसरी; आंतल्या प्रणालीनें मागाहून मारावा, हें माजघर. कार्ड व त्याचा चालक-प्रोग्रॅम दोघांसही ही विद्या येते काय, हें 'ईथटूल' नांवाच्या आज्ञेनें विचारतां येतें. दुकानदाराच्या शब्दावर विसंबूं नये! कधीं शिक्का पडतो, पण प्रोग्रॅमच्या हातीं उशिरां लागतो, आणि प्रोग्रॅम वाट पाहणें सोडून देतो. तशी नोंद दिसल्यास थांबण्याची मुदत वाढवून पाहावी. तरीही तेंच, तर चालकाकडे वळावें.

सर्वांत लबाड चूक मात्र नोंदींत उमटत नाहीं. संदेशास जावयास व यावयास सारखाच वेळ लागतो असें गृहीत धरलेलें असतें. वाटा असमान असल्या कीं त्या फरकाच्या निम्म्यानें घड्याळ चुकतें, आणि तेंही अगदीं स्थिरपणें. स्थिर अंतर निर्दोष असें वर सुचविलें, त्यास हा अपवाद. वाटेची लांबी मोजल्यावांचून तो सांपडत नाहीं.

सूनबाई रात्रीं अकराला यापायीं जागत असल्यास 'घड्याळच तर आहे' असें वडीलधाऱ्यांनीं म्हणूं नये. ३० जुलै २०१२ रोजीं उत्तर भारताचें वीजजाळें कोसळलें, तेव्हां प्रथम बीना-ग्वाल्हेर वाहिनी तुटली. एकामागून एक वाहिन्या कांहीं क्षणांत तुटतात. त्यांतली आधींची कोणती, हें ठरविण्यास प्रत्येक केंद्रांतील यंत्रानें टिपलेली वेळच कामीं येते.