त्यात काय विशेष?

इगतपुरीत जूनमध्ये भिजलेला लेंगा दसऱ्याला वाळतो. यंदा मात्र आमच्या सौभाग्यवतींनी मोडक्या छत्रीचं कापड काढलं, सांगाडा उलटा करून कप्पीवरून शेगडीच्या वर टांगला आणि माझा लेंगा चार तासांत वाळवून दाखवला. शेजारचे गृहस्थ बघायला आले, चहा प्याले आणि म्हणाले, "त्यात काय विशेष? छत्री जुनी, कप्पी जुनी, शेगडीही जुनीच!"

हे तीन शब्द पेटंटच्या दुनियेत फार महाग पडतात. पुण्याच्या बजाज ऑटोने मोटारसायकलच्या छोट्या इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवले, पेट्रोल नीट जळावं म्हणून. २००५ साली पेटंट मिळालं. २००७ मध्ये टीव्हीएसची 'फ्लेम' आली आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. टीव्हीएस म्हणे, दोन प्लग ही जुनीच गोष्ट! २००८ मध्ये मनाई आली, २००९ मध्ये उठली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, गाडी विका, पण विक्रीचा चोख हिशेब ठेवा. (हे वाचून माझ्यातला कारकून सुखावला.) तडजोड झाली २०१९ मध्ये. दोन प्लगांची ठिणगी बारा वर्षं उडत होती!

आता कुठलीही जोडाजोड म्हणजे शोध, असं मी म्हणत नाही. कसारा घाट चढताना गाडीला मागून इंजिनं लावतात, त्यांना 'बँकर' म्हणतात. (आम्हा खऱ्या बँकवाल्यांना मागून कितीही ढकला, बढती मिळत नाही.) पण एकाने ओढवेना तर दुसऱ्याने ढकलावं, हे हातगाडीवाल्यालाही सुचतं. भांडी कातायच्या एका यंत्राचं पेटंट १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने रद्द ठरवलं. कारखान्यातली किरकोळ सुधारणा पुरत नाही. जुने भाग एकमेकांशी असे जुळावेत की त्यातून काही नवं, निदान अधिक चांगलं निघावं.

कबूल! पण कायदा विचारतो ते हे, की त्या धंद्यातल्या जाणकाराला ही गोष्ट अर्जाच्या आधी सहज सुचली असती का? पाठीमागचं उत्तर बघून "गणित सोपं होतं" म्हणणाऱ्याला कोण विचारतो? म्हणून माझा सवाल एवढाच: इतकं उघड होतं, तर इतकी वर्षं तुम्ही काय करत होता?

शेजाऱ्यांनाही मी हेच विचारलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माळ्यावरची, सात पावसाळे धूळ खात पडलेली छत्री खाली उतरली.

कप्पी मात्र ते आमच्याकडूनच मागून घेऊन गेले.