फुरसतीची वाट पाहणारी प्रार्थना

प्रार्थनेस वेळ मिळत नाही, अशी तक्रार जे करतात ते बहुधा खोटे बोलत नसतात. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीप्रमाणे राबणारा कामगार, कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ज्याला दिवस आणि रात्र सारखीच होते तो ऊसवाहतूकदार, आणि रविवारी सकाळीच खाजगी शिकवणीचा वर्ग लागल्यामुळे शब्बाथ शाळा चुकवावी लागणारा विद्यार्थी, यांची अडचण खरी आहे. परंतु अडचण खरी असली म्हणून तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही. कामे आटोपल्यावर जी फुरसत उरेल ती ईश्वरास अर्पण करू असे म्हणणाऱ्याची कामे आयुष्यभर आटोपत नाहीत. म्हणून ख्रिस्ती जीवनात प्रार्थनेचा वेळ कामाच्या आधी, आणि काम कितीही निकडीचे असले तरी, राखून ठेवला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताचा पुरावा शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. 1889 साली हिंदुस्थानात आलेले प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वानलेस यांनी प्रथम सांगलीत दवाखाना चालविला आणि 1894 मध्ये पटवर्धनांच्या मिरज संस्थानात रुग्णालय उघडले. पुढे त्या रुग्णालयाची कीर्ती अशी पसरली की दूरदूरच्या प्रांतांतून रोगी आगगाडीने मिरजेस उतरू लागले. ज्याच्या दारात रोग्यांची रीघ लागलेली आहे अशा शल्यवैद्यास वेळेची टंचाई काय असते हे इतरांनी शिकविण्याची गरज नव्हती. तथापि शस्त्रक्रियेस हात घालण्यापूर्वी प्रार्थना करण्याचा त्यांचा परिपाठ होता. टेबलावर रोगी निजलेला, परिचारिका सिद्ध, हत्यारे उकळून मांडलेली, बाहेर नातलग ताटकळलेले, आणि त्या ऐन घाईच्या क्षणी शल्यवैद्य मस्तक नमवून उभा आहे, हे दृश्य ज्याने डोळ्यांसमोर आणले त्याला कळेल की त्या विरामाने शस्त्रक्रियेस विलंब होत नसे. ज्याच्या हाती सुरी आहे त्याला आपल्या हाताच्या मर्यादेचे भान मात्र येत असे.

दुसरे उदाहरण साताऱ्याचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 साली मिशनच्या वेतनाची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला; बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा उभय प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. 9 मे 1919 रोजी त्यांचे देहावसान झाल्यामुळे या प्रयोगास जेमतेम दोन वर्षे लाभली. लेखन, संपादन, उपदेश आणि संसार यांत आकंठ बुडालेल्या या कवीने आयुष्याच्या उत्तरार्धात अधिक मोठी संस्था किंवा अधिक मोठा अधिकार मागितला नाही; ईश्वराच्या सान्निध्यास अधिक मोकळीक मागितली. त्यांची भजने मराठी मंडळ्यांतून आजही नित्य गायिली जातात.

यावर आक्षेप येतो तो असा, की प्रामाणिकपणे केलेले कर्म हीच प्रार्थना आहे, मग निराळी वेळ कशास हवी? आक्षेप उदात्त आहे, पण तो घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांचे कर्म त्या योग्यतेस पोहोचलेले असते. ज्याचे प्रत्येक कर्म सेवारूप होते त्या प्रभू येशूविषयी मार्काने लिहून ठेवले आहे की, आदल्या संध्याकाळी दुखणाइतांनी दार गजबजून गेले असता तो पहाटे अंधार असतानाच उठून एकांतस्थळी प्रार्थनेस गेला. लोक त्याला शोधत होते. काम संपलेले नव्हते. गुरूला जे आवश्यक वाटले ते शिष्याला अनावश्यक कसे वाटावे? अर्थात वेळ राखली म्हणजे भक्ती साधली असेही नव्हे. लोकांनी पाहावे म्हणून लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांची त्याच गुरूने परखड कानउघाडणी केली आहे. परंतु दांभिकतेचे भय हे नियम मोडण्याचे निमित्त होऊ नये.

आपल्या शेजाऱ्यांकडे पाहिले तरी हेच दिसेल. माउलींची पालखी लोणंद-फलटणच्या वाटेने जाते तेव्हा पहाटेची काकडआरती पावसासाठी थांबत नाही. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात अजान झाली की दुकानदार गिऱ्हाईक सोडून उठतो. ख्रिस्ती घरांतही एकेकाळी हीच वहिवाट होती: दिवेलागणीनंतर चटई पसरायची, वडीलधाऱ्याने पवित्र शास्त्राचा अध्याय वाचायचा, एखादे गीत पेटीवाचून म्हणायचे, आणि मग आजारी, परगावी गेलेले व परीक्षेस बसलेले यांची नावे घेऊन प्रार्थना करायची. लेकरांना पाठ आधी नावांचा होई, सिद्धान्ताचा नंतर. आणि ज्याचे नाव रोज प्रार्थनेत घेतले जाते त्याच्याशी वैर धरणे कठीण जाते, ही शिकवण त्यांना तिथेच मिळे. आज तीच माणसे एका खोलीत बसतात, परंतु प्रत्येकाची दृष्टी आपापल्या मोबाईलवर असते.

तेव्हा मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना माझी विनंती आहे की, रविवारखेरीज कुलूपबंद राहणारी उपासनामंदिरे रोज सकाळ-संध्याकाळ तासभर उघडी ठेवावीत, म्हणजे पाळीवरून सुटलेल्या कामगारालाही तेथे टेकता येईल. शिकवणीवर्ग चालविणाऱ्यांनी रविवारची सकाळ मुलांना मोकळी द्यावी. आणि प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने दिवसातील पाव तास आजच ठरवावा, तो घरातील सर्वांना सांगावा आणि पाहुणा आला तरी तहकूब करू नये.