विमान सगळ्यात शेवटी येतं

जगात कुठेही युद्ध भडकलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. पहिली म्हणजे टीव्हीवर विमान दिसतं, उतरणाऱ्यांच्या हातात गुलाबाची फुलं दिली जातात आणि 'एअरलिफ्ट' हा शब्द दिवसभर कानावर आदळत राहतो. दुसरी म्हणजे ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडता उघडता कोणीतरी विचारतं, "पण हे लोक मुळात तिकडे गेलेच कशाला?" या दोन्हींचा मला आता मनापासून वैताग आलाय. आज शनिवार आहे, वेळ आहे, तेव्हा जरा सविस्तर भांडतो.

आधी पहिली गोष्ट.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळलं. तेव्हा तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. एअर इंडियाने पुढच्या दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या करून एक लाख अकरा हजारांहून जास्त माणसं मुंबईला आणली. नागरी विमान कंपनीने केलेली ही सर्वात मोठी सुटका म्हणून तिची नोंद आहे, आणि तिचा अभिमान मलाही आहे. पण ही विमानं कुठून उडाली? अम्मानहून. अम्मान जॉर्डनमध्ये आहे! कुवेतहून बसरा, बसऱ्याहून बगदाद, बगदादहून वाळवंट तुडवत जॉर्डनची सरहद्द आणि मग अम्मान. साधारण दीड हजार किलोमीटर, ऑगस्टच्या उन्हात, ज्या सैन्याने आक्रमण केलं त्याच सैन्याच्या चौक्यांमधून. हेदवीहून मुंबईला एसटीने जायचं तर आमची रात्र जाते आणि कंबर जाते. तसे पाच प्रवास एकापुढे एक लावा, आणि पुढची चौकी सोडेल की नाही हे माहीत नाही असं समजा.

४८८ हा आकडा कुठेही मिळतो. बस किती लागल्या ते कोणी छापत नाही.

२०१६ साली अक्षय कुमारचा 'एअरलिफ्ट' आला आणि ही गोष्ट आपल्या पिढीला कळली, एवढं श्रेय त्याला देऊ. पण त्यातला रणजित कटियाल काल्पनिक आहे. प्रत्यक्षात मथुनी मॅथ्यूज, हरभजनसिंग वेदी असे कुवेतमधले बरेच लोक धडपडत होते. दिल्लीत परराष्ट्र खात्याच्या आखात विभागाचे प्रमुख के. पी. फेबियन आणि त्यांची माणसं होती. परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दामने त्यांना मिठी मारली, त्या फोटोवरून गुजरालांवर जगभरातून टीका झाली. मला विचाराल तर त्या मिठीचं मोल पुष्कळ होतं. ज्या देशातून तुमची माणसं रस्त्याने काढायची आहेत, त्या देशाच्या मालकाशी बोलावंच लागतं. सिनेमात मात्र सगळं एका हिरोच्या खांद्यावर जातं आणि रस्ता म्हणजे दोन गाण्यांमधला प्रसंग होतो.

मला ही गोष्ट सिनेमाच्या आधी गावाकडे कळली. हेदवी तुम्हाला माहीत असेल तर दशभुज गणपतीमुळे, नाहीतर बामणघळीत उसळणाऱ्या पाण्याच्या फोटोंमुळे. पण आमच्या गुहागर तालुक्याचं खरं अर्थशास्त्र मनीऑर्डरचं. कोणी मुंबईला, कोणी बोटीवर, कोणी आखातात. शृंगारतळीच्या बाजारात ओळखीचे एक चाचा आहेत. नव्वद साली ते कुवेतला वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करायचे. त्यांचा पासपोर्ट योगायोगाने त्यांच्याजवळ होता, नूतनीकरण होऊन नुकताच हातात आला होता. त्यांच्या खोलीतल्या दुसऱ्याचा मालकाच्या तिजोरीत. मालक सहकुटुंब सौदीला निघून गेला, तिजोरीला कुलूप. चाचा पहिल्या बसमधून निघाले. खोलीतला दुसरा बदली कागद मिळेपर्यंत कित्येक आठवडे मागे राहिला. मी त्यांना एकदा विचारलं, "चाचा, विमानात बसल्यावर कसं वाटलं?" ते म्हणाले, "विमानाचं काय रे बाबा, तिथे प्रवास संपला होता. तुला विचारायचं तर सरहद्दीवरच्या पाण्याच्या टँकरचं विचार."

इराक आणि जॉर्डनच्या चौक्यांमधल्या उघड्या पट्ट्यात तेव्हा तंबूंची गावं उभी राहिली होती. भारतीय, बांगलादेशी, श्रीलंकन, फिलिपिनो, सगळे पाण्याच्या आणि पावाच्या रांगेत. बऱ्याच जणांच्या खिशात कुवेती दिनार होते. इराकने आधी त्यांची किंमत इराकी दिनाराएवढी करून टाकली आणि सप्टेंबरमध्ये ते चलनच रद्द केलं. दहा-पंधरा वर्षांची बचत, आणि तिचा पाव मिळेना. हे सगळं विमानाच्या आधीचं आहे.

बरं, हा जुना इतिहास झाला, आता तसं नाही, असं कोणी म्हणेल. बघूया.

२४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचं आकाश बंद झालं. 'ऑपरेशन गंगा'ची विमानं बुखारेस्ट, बुडापेस्ट, पोलंड इथून उडाली. तिथवर पोरं पोचली ती ट्रेनमध्ये घुसून, बस भाड्याने घेऊन आणि शेवटचे कित्येक किलोमीटर बर्फात चालत. खारकीव्हची मुलं तर पश्चिम सरहद्दीपासून हजारेक किलोमीटरवर होती. १ मार्चला कर्नाटकातला एक विद्यार्थी तिथे मारला गेला. दुसऱ्या दिवशी वकिलातीने सूचना काढली की खारकीव्ह ताबडतोब सोडा, संध्याकाळी सहाच्या आत शेजारच्या तीन गावांपैकी एक गाठा, वाहन नसेल तर चालत जा. जवळचं गाव अकरा किलोमीटर, लांबचं सोळा. बॉम्ब पडत असताना.

एप्रिल २०२३, सुदान. 'ऑपरेशन कावेरी'. फोटो नौदलाच्या 'सुमेधा'चे आणि हवाई दलाच्या विमानांचे. पण खार्टुम ते पोर्ट सुदान हा साडेआठशे किलोमीटरचा रस्ता आधी बसने कापायचा होता. जून २०२५, 'ऑपरेशन सिंधू'. इराणमधल्या उर्मियाचे शंभरावर विद्यार्थी रस्त्याने आर्मेनियात गेले आणि येरेव्हानहून उडाले. इस्राएलमधले भारतीय जमिनीवरून जॉर्डन आणि इजिप्तमध्ये उतरले. जॉर्डनवाल्यांची विमानं कुठून उडाली? पुन्हा अम्मानहून. पस्तीस वर्षांनी!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट खरं तर चटकन कळायला हवी. प्रोजेक्टचा जो भाग डेमोत दिसतो तो सहसा सोपा असतो. विमानाचं तसंच आहे. विमानतळ आहे, वैमानिक आहे, प्रवाशांची यादी आहे. अवघड भाग आहे खोलीच्या दारापासून परक्या देशाच्या शिक्क्यापर्यंतचा. तिथे पेट्रोल लागतं, रोख पैसे लागतात, चौकीवर बोलायला भाषा लागते, शेजारच्या देशाचा व्हिसा लागतो. आणि आपण टाळ्या वाजवतो त्या डेमोला.

आता दुसरी गोष्ट. "गेलेच कशाला?" आणि तिची धाकटी बहीण, "सूचना आली होती ना, मग वेळेत निघाले का नाहीत?"

धाकटीपासून सुरू करू. १५ फेब्रुवारी २०२२ ची युक्रेनमधली सूचना काय होती? ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही, त्यांनी तात्पुरतं निघण्याचा विचार करावा. विचार करावा! आमच्याकडे कागदावर 'शक्य असल्यास' लिहिलं की ते काम त्या वर्षी होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तिकडे कॉलेज म्हणतंय वर्ग चालू आहेत, हजेरी कापू. तिकिटाचे भाव आभाळाला टेकलेले. बापाने कर्ज काढलेलं. अशा वेळी एकोणीस वर्षांच्या मुलाने 'विचार करावा'चा अर्थ 'आजच पळ' असा लावायला हवा होता, असं वातानुकूलित कॅन्टीनमध्ये बसून म्हणणं सोपं आहे.

आणि "गेलेच कशाला"? कोकणात हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उत्तर प्रत्येक घरात बसलेलं असतं. दोन गुंठे भातशेती, चार कलमं, बाकी डोंगर. आमच्याच तालुक्यातला एन्रॉनचा वीजप्रकल्प २००१ साली ठप्प झाला, तेव्हा फिटर-वेल्डर झालेल्या पोरांनी काय करायचं होतं? गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला आपण "गेलास कशाला" म्हणतो का? कुवेतवाला हाही चाकरमानीच, फक्त त्याची गाडी लांबची. २०२३ मध्ये सुदानात अडकलेले कर्नाटकातले हक्की-पिक्की लोक जडीबुटीची तेलं विकायला गेले होते. हौस म्हणून कोणी एल फाशेरला तेल विकायला जात नाही.

आणि मंडळी, जरा आपल्याकडेही बघू. आपण ऑनसाइट जातो तेव्हा पासपोर्ट आपल्या बॅगेत असतो. खिशात कंपनीचं कार्ड, प्रवास विभागाचा चोवीस तास चालणारा नंबर. काही झालं तर मॅनेजर गाडी पाठवेल, दुसऱ्या देशातलं हॉटेल बुक होईल. आपल्याला "गेलास कशाला" असं कोणी विचारणार नाही, उलट परत आल्यावर पार्टी मागतील. वेल्डरला मात्र विचारतात. फरक धोक्यात नाही, पगारात आहे. हा सरळ सरळ माजोरडेपणा आहे.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाहीये. नव्वद साली तिजोरी रिकामी असताना एवढी माणसं आणणं ही अचाट कामगिरी होती. वकिलातीतले लोक अशा वेळी दिवसरात्र राबतात. "मग काय खारकीव्हमध्ये रणगाडे पाठवायचे होते का?" असं कोणी विचारेल, तर अर्थातच नाही. युद्ध चालू असलेल्या परक्या देशात कोणतंही सरकार दारापर्यंत पोचू शकत नाही. पण म्हणूनच रस्त्याची तयारी युद्धाच्या आधी व्हायला हवी, आणि ती तयारी मोठ्या प्रमाणात कागदाची आहे.

सगळ्यात पहिला कागद पासपोर्ट. आपल्या पासपोर्ट कायद्याचं, १९६७ च्या, सतरावं कलम सांगतं की पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे आखातातल्या मालकाने तो कपाटात ठेवला, तर त्याने भारत सरकारची वस्तू दाबून ठेवली आहे. तिथल्या बहुतेक देशांचे नियमही त्याला मनाई करतात, पण कपाटांना नियम वाचता येत नाहीत. चौकीवर मात्र पासपोर्ट आधी मागतात. आणि ज्या कुवेतमधून नव्वद साली आपली माणसं निघाली, त्याच कुवेतने १ जुलै २०२५ पासून खाजगी क्षेत्रातल्या परदेशी कामगारांना देश सोडण्यासाठी मालकाची परवानगी सक्तीची केली. मालक पळून गेला तर परवानगी कोण देणार? या प्रश्नावर आपल्याकडे एकही रात्रीची चर्चा माझ्या बघण्यात आली नाही. विमान नव्हतं ना त्यात.

दुसरा मुद्दा पैशाचा. अडकलेल्या भारतीयांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, आणि तो मुख्यतः वकिलातीतल्या कामांवर घेतल्या जाणाऱ्या छोट्या शुल्कातून उभा राहतो. म्हणजे परदेशातल्या त्याच वेल्डरच्या, नर्सच्या, विद्यार्थ्याच्या पैशातून. तेव्हा "आमच्या करातून फुकट आणलं" हे टाळ्या घेऊन बोलण्याआधी जरा थांबावं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. सूचना स्पष्ट लिहा, 'विचार करावा' नको, 'अमुक तारखेच्या आत निघा' असं हवं, आणि ती मराठी-मल्याळम-तेलुगूतही हवी. प्रत्येक धोक्याच्या देशातल्या वकिलातीने जमण्याची ठिकाणं, दोन रस्ते आणि शेजारच्या देशाच्या व्हिसाची व्यवस्था आधी ठरवून लोकांना सांगून ठेवावी. अडवलेल्या पासपोर्टची तक्रार युद्धाच्या आधी, शांततेच्या काळात तडीस न्यावी. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, हे मला मान्य आहे.

शेवटी एक गोष्ट. कुवेत युद्धानंतर १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने भरपाई आयोग नेमला. त्याचा 'अ' गट कोणासाठी होता? ज्यांना इराक किंवा कुवेत सोडून निघावं लागलं, त्यांच्यासाठी. जखम दाखवा, पावत्या दाखवा असं नाही, निघावं लागलं हेच नुकसान. माणशी अडीच ते चार हजार डॉलर, कुटुंबाला पाच ते आठ हजार. इराकच्या तेलाच्या पैशातून एकूण ५२ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम देऊन आयोगाचा शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये चुकता झाला. जिनिव्हातल्या कारकुनांनासुद्धा कळलं होतं की घर, पगार, बचत मागे टाकून रस्त्याला लागणं हीच मोठी किंमत असते. आपल्या कॅन्टीनला ते कळायला हरकत नसावी.

पुढच्या वेळी विमान उतरताना दिसेल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. फक्त ते जिथून उडालं ते शहर नकाशावर शोधा, आणि तिथपासून लढाईच्या गावापर्यंत बोट फिरवा. तेवढा रस्ता माणसं स्वतः आलेली असतात. आणि तुमच्या ओळखीतलं कोणी आखातात निघालं असेल, तर पेढे घेताना एक प्रश्न विचारा: पासपोर्ट कोणाकडे राहणार आहे?