टेबलावरची दहा मिनिटे

एचएसजी ही गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहणारी तपासणी. बायका तिला ‘नळ्यांची टेस्ट’ म्हणतात. गर्भाशयाच्या तोंडातून बारीक नळी घालून एक्स-रेत दिसणारे द्रव आत सोडतात आणि फोटो काढतात. बहुतेक ठिकाणी भूल देत नाहीत. द्रव आत सरकताना पाळीच्या दुखण्यासारखी, कधी त्याहून मोठी कळ येते. माझी तपासणी झाली तेव्हा वरच्या फॉल्स सीलिंगचा एक चौकोन निखळला होता आणि आतून वायरी लोंबत होत्या. मी त्या मोजल्या. सात होत्या. नवरा बाहेर बाकावर, कारण एक्स-रेच्या खोलीत त्याला येता येत नव्हते. सिस्टर दोनदा म्हणाल्या, “ताई, अंग सैल सोडा.” कसे सोडायचे, ते कुणी सांगितले नाही.

वंध्यत्वाच्या उपचारांत अशी टेबलावरची दहा-दहा मिनिटे पुनःपुन्हा येतात. त्या वेळात कानाला गाणे, डोळ्यांसमोर एखादे दृश्य देण्याची सोय प्रत्येक केंद्राने करावी, असे माझे म्हणणे आहे. मात्र ती कशासाठी करायची आणि कशासाठी नाही, हेही ठरवायला हवे.

१. लक्ष दुसरीकडे वळवण्याची ही युक्ती आपल्या घरातलीच आहे. बाळाला सुई टोचताना आजी “तो बघ काऊ” म्हणते, ती हेच करत असते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडले की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतल्या एका ‘फाटका’तून वर जातो आणि ते फाटक किती उघडायचे यात मेंदूचाही हात असतो. पुढे अमेरिकेत भाजलेल्या रुग्णांची मलमपट्टी होत असताना त्यांना आभासी चष्म्यातून बर्फाळ दरीत फिरवून आणण्याचे प्रयोग झाले आणि रुग्णांना दुखणे कमी जाणवले. शस्त्रक्रियेआधी संगीत ऐकवण्याबाबतच्या २६ चाचण्यांचा, म्हणजे २०५१ रुग्णांचा, एकत्रित आढावा २०१३ साली निघाला. चिंता मोजण्याच्या २० ते ८० गुणांच्या पट्टीवर ती सुमारे पावणेसहा गुणांनी उतरलेली दिसली. चमत्कार नाही, पण एका हेडफोनच्या मानाने मिळकत वाईट नाही.

२. सोय कुठे हवी, ते आधी पाहा. स्त्रीबीजे काढताना बहुधा भूल देतात. तिथे गाण्याचा उपयोग भूल चढेपर्यंतच. बाई पूर्ण जागी असते ती एचएसजीत, आययूआयमध्ये (म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडताना), दर एक-दोन दिवसांनी होणाऱ्या आतल्या सोनोग्राफीत आणि गर्भ आत सोडताना. यातल्या शेवटच्या वेळी तर मूत्राशय तुडुंब भरलेले ठेवायला सांगतात. आत डॉक्टर उशिरा आले की बाहेरचा अर्धा तास काय असतो, ते तिलाच विचारा. म्हणून सोय टेबलापाशी हवी, तशीच टेबलाआधीच्या बाकावरही हवी.

३. रिमोट बाईच्या हातात द्या. मी जिथे जात असे तिथल्या हॉलमध्ये टीव्ही होता, पण त्यावर डायपरच्या जाहिराती लागायच्या आणि समोरची भिंत गुटगुटीत बाळांच्या फोटोंनी भरलेली. ज्या बाईचा रिपोर्ट कालच निगेटिव्ह आला, तिने नजर कुठे ठेवायची? एकीला अभंग हवा असेल, दुसरीला लावणी, तिसरीला पु.लं.चे कथाकथन. तालुक्याहून पहाटेच्या एसटीने आलेल्या बाईला बासरी आणि धबधबा ऐकवून ‘रिलॅक्स’ व्हायला सांगू नका. तिच्या मोबाइलमध्ये तिची गाणी आहेत, ती लावू द्या. आणि एखादीला गाणे नकोच असेल, सोनोग्राफीच्या पडद्यावर काय चालले आहे तेच बघायचे असेल, तर पडदा तिच्याकडे वळवा.

४. एक कान मोकळा ठेवा. डॉक्टरांची सूचना तिला ऐकू आली पाहिजे आणि तिचे “थांबा” डॉक्टरांना. हात वर केला की थांबायचे, एवढी खूण आधीच ठरवून घ्यावी. बाई गप्प पडून राहावी म्हणून कानात गाणे घालायचे असेल, तर ती सोय नव्हे, तोंडाला लावलेली चिकटपट्टी आहे.

५. गाणे लावले म्हणून गोळी वाचवू नका. तपासणीआधी वेदनाशामक द्यायचे, आता काय करणार ते एकेका वाक्यात सांगायचे, पडदा नीट ओढायचा, मध्येच कुणी दार उघडू नये म्हणून कडी लावायची. ही कामे आधीची आहेत. हेडफोन त्यानंतर.

६. ‘यश वाढते’ म्हणून ही सोय विकू नका. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इस्रायलमध्ये गर्भ सोडल्यानंतर बायकांना विदूषक भेटवण्याचा प्रयोग झाला. २०११ साली छापून आलेले आकडे असे: विदूषक भेटलेल्यांत गर्भधारणा ३६.४ टक्के, न भेटलेल्यांत २०.२ टक्के. बातमीला झकास. पण बायका एकाच केंद्रातल्या होत्या, जेमतेम सव्वादोनशे, आणि त्यांची विभागणी पुरती चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. त्याच वर्षी १४ अभ्यासांतल्या ३५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून तपासली गेली, तेव्हा उपचाराआधीचा मानसिक ताण आणि उपचार फसणे यांचा संबंध आढळला नाही. हा निष्कर्ष प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर, त्या बाळांच्या फोटोंच्या जागी लावला पाहिजे. कारण घरोघरी सासू, जाऊ, शेजारीण एकच वाक्य ऐकवतात: “तू फार टेन्शन घेतेस, म्हणून राहत नाही.” यश वाढवणारे संगीत म्हणून पॅकेज विकले, की अपयशाचे खापर पुन्हा तिच्याच डोक्यावर फुटते, गाणी ऐकूनही हिला शांत राहता आले नाही! कळ कमी झाली, छाती कमी धडधडली, एवढे कारण या सोयीला पुरे आहे. त्यासाठी मूल व्हायलाच हवे असे नाही.

७. खर्चाची सबब नको. लाखाच्या घरात जाणाऱ्या बिलात हेडफोन आणि त्याची बदलायची आवरणे ही किरकोळ बाब आहे. प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने समुपदेशन आणि तक्रार कक्ष ही केंद्रांची जबाबदारी ठरवली आहेच. तेव्हा समुपदेशकाने पहिल्याच भेटीत विचारावे: टेबलावर असताना तुम्हाला काय ऐकायचे, काय बघायचे, की काहीच नको? उत्तर केस पेपरवर लिहावे आणि त्या दिवशी सिस्टरने ते वाचावे. सरकारी रुग्णालयात हेडफोन नसला तर बाईला स्वतःचा आणू द्यावा. मोबाइल बाहेर ठेवायची सक्ती तेवढ्यापुरती सैल करावी.

आणि जमल्यास सीलिंगचा तो चौकोनही बसवून घ्यावा.