स्पायरल कुणाचा कोण?

गेल्या सत्रात एका निबंधात मी लिहिलं होतं की स्पायरल, स्पायर आणि स्पिरिट हे तिन्ही शब्द एकाच मुळातून आले; वर चढत जाणारं वळण, चर्चचा मनोरा आणि आत्मा, सगळं एकच. वाक्य मला इतकं आवडलं की मैत्रिणींनाही वाचून दाखवलं. सरांनी त्यावर लाल रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला: शब्दकोश?

राग आला. मग मुकाट्यानं शब्दकोश उघडला. स्पिरिट लॅटिन 'स्पिरितुस'मधला, म्हणजे श्वास. स्पायर जुन्या इंग्रजीतला, गवताचं पातं किंवा कोंब. आणि स्पायरल लॅटिन 'स्पिरा'वरून, तो ग्रीक 'स्पैरा'वरून. म्हणजे वेटोळं, गुंडाळी. सापाच्या वेटोळ्यालाही ग्रीकमध्ये हाच शब्द. तिघांची तीन घरं. आमच्या वर्गात चार डिसोझा आहेत, कुणी कुणाचं लागत नाही, तसंच हे.

पण खरी मजा पुढे आहे. रोमन सैन्याच्या तुकडीलाही ग्रीकमध्ये 'स्पैरा'च म्हणत. योहानाच्या शुभवर्तमानात, 18व्या अध्यायात, यहुदा जी तुकडी घेऊन बागेत येतो ती 'स्पैरा'. उत्तम शुक्रवारी दरवर्षी मी हा भाग ऐकते. यंदा ऐकताना मशाली घेतलेल्या माणसांचं वेटोळं येशूभोवती आवळत गेलेलं दिसलं. अर्थात हे माझ्या डोळ्यांपुरतं. त्या काळच्या वाचकाला तिथे नुसती तुकडीच दिसत असेल.

माझं म्हणणं एवढंच, की आपण गोड व्युत्पत्तीला फार लवकर भुलतो. व्हॉट्सॲपवर रोज कुणीतरी शब्दाची अक्षरं फोडून 'खरा अर्थ' सांगतं आणि आपण हात जोडून पुढे पाठवतो. हेतू चांगला असला, अगदी भक्तीचा असला, तरी थाप ती थापच. आणि नाती नसतातच असंही नाही. गणिताच्या पुस्तकातला 'सर्पिल' सर्पावरून आलाय, आणि आपला सर्प नि इंग्रजी सर्पंट खरोखरच एका कुळातले आहेत! पण हे कानाला सारखं लागतं म्हणून नव्हे, अभ्यासकांनी तपासलंय म्हणून.

निबंध मी पुन्हा लिहून दिला. स्पायरल बाइंडिंग करून. त्या तारेला खरं तर मळसूत्र म्हणायला हवं, पण झेरॉक्सवाल्या काकांना ते कोण सांगणार?