धुराडी पेटली, ट्रॉलीची पिन कोण तपासणार?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगलीपासून सोलापूर, अहिल्यानगरपर्यंत ग्रामीण रस्त्यांवर एकच चित्र दिसते. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या आणि वर बसेल तेवढा ऊस. दरवर्षी बातम्याही त्याच येतात. कुठे ट्रॉली सुटली, कुठे उतारावर ट्रॅक्टर उलटला, तर कुठे अंधारात दुचाकी मागून आदळली. 'चालकाचा ताबा सुटला' एवढ्यावर विषय संपतो. ज्या एका जोडावर हे सगळे वजन ओढले जाते, त्या हूक-पिनबद्दल कुणी बोलत नाही.

जोड कुठे चुकतो?

कंपनीची पिन हरवली की सळईचा तुकडा किंवा हाताला लागेल तो बोल्ट घातला जातो. 'चालतंय की, कारखाना तर गाठायचाय' असा हिशेब असतो. पण साधी सळई ट्रॉलीच्या झटक्यांसाठी बनवलेली नसते. ती आधी वाकते, मग तुटते. खाली लॉक नसेल तर चांगली पिनही खड्ड्यात उडून बाहेर येते. दांडीचे कडे झिजून लांबट झाले की प्रत्येक ब्रेकला ट्रॉली मागून धडक देते.

दुसरी चूक उंचीची. ट्रॉली ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच जोडायची असते. ओढ वरच्या बाजूने दिली तर चढाला ट्रॅक्टर पुढून उचलतो, प्रसंगी मागे उलटतो. दुचाकी ट्रॉलीत ऊस कसा रचला यालाही महत्त्व आहे. भार चाकांच्या मागे गेला तर दांडी वर उचलते आणि ट्रॉली झोल खाते. फार पुढे आला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही.

दोन ट्रॉल्या असतील तर मागच्या ट्रॉलीची ओढ पहिलीच्या मागच्या हुकावर येते. तिथले वेल्डिंग गावातच झालेले असेल तर हंगामाआधी ते बघणे आणखी गरजेचे. प्रत्येक जोडाला साखळी हवी. दांडीखालून फुलीसारखी बांधलेली साखळी असेल, तर पिन तुटली तरी दांडी तिच्यावर अडकते, ट्रॉली मोकळी सुटत नाही.

उतार आणि ब्रेक

अनेक ट्रॉल्यांना चालणारे ब्रेक नसतात. म्हणजे सगळे वजन थांबवायचे ते एकट्या ट्रॅक्टरने. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल केले की इंजिनचा अटकावही जातो आणि ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागते. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवले नाहीत तर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

काट्यावरचा आकडा बोलतो

वाहतूकदाराला पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. त्यात कारखान्याच्या आवारात तासन्‌तास नंबर लावून थांबावे लागते. त्यामुळे एका खेपेत जास्त भरण्याचा मोह होणारच. एकट्या चालकाला दोष देऊन हे सुटणार नाही.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण रस्त्यावर गाडी अडवून वजन करणे सोपे नाही. कारखान्यात मात्र प्रत्येक ट्रॉली काट्यावर उभी राहते. भरलेले आणि रिकामे वजन नोंदवले जाते. म्हणजे कुणी किती जादा भरले, हे रोज कागदावर असते. त्या आकड्यावर पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात. त्या हव्यातच, फक्त बाहेर लोंबणाऱ्या वाड्याने रिफ्लेक्टर झाकला जाऊ नये. त्याच वेळी करारावर सही करताना पिन, लॉक, साखळी, कडे आणि ब्रेक या पाच गोष्टी बघितल्या तर वेगळा खर्च येत नाही. नंबर लावून थांबलेल्या ट्रॉलीची पुन्हा पाहणी करायला पाच मिनिटे पुरतात. कारखाने, परिवहन विभाग आणि वाहतूकदार यांनी ही जबाबदारी एकमेकांवर ढकलणे थांबवले पाहिजे. सुटलेली ट्रॉली समोरून येणारा माणूस कोण आहे, हे बघत नाही.