पहिले दूध आणि शक्तीनुसार तप

जत तालुका हा अवर्षणाचा प्रदेश. पावसाचा भरवसा नसलेल्या या मुलखात माणसांनी जनावरे जिवापाड जपली. मार्गशीर्षात श्री यल्लमादेवीच्या यात्रेत भरणारा खिलार जनावरांचा बाजार त्याची साक्ष देतो. गाय व्याली की वासराला आधी चीक पाजावा, हे येथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अनेक श्रावक कुटुंबे तर व्यालेल्या गाई-म्हशीचे दूध काही दिवस घरात वापरत नाहीत. सूतकाच्या या नियमाने वासराच्या हक्काचे दूध वासरालाच मिळते.

परंतु घरातील सून बाळंत झाली की हा विवेक कधी कधी हरपतो. आईचे पिवळसर, घट्ट दूध ‘जड’ किंवा ‘अशुद्ध’ समजून पिळून टाकण्याची आणि बाळाला साखरपाणी, घुटी वा मध चाटवण्याची चाल महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती. ती अद्याप पुरती लोपलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातील जवळजवळ निम्म्या बालकांना जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान मिळाले नव्हते. वस्तुतः चीक थोडाच येतो, पण नवजात बाळाच्या इवल्या पोटाला तो पुरेसा असतो आणि रोगांपासून त्याचे रक्षण करतो. मधाचा त्याग तर श्रावकाच्या मूलगुणांतच सांगितला आहे. वैद्यकशास्त्रही एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये असे बजावते. त्यातून क्वचित, परंतु प्राणघातक विषबाधा संभवते.

जतच्या उन्हाळ्यात बाळाचा घसा सुकेल, या मायेपोटी आजी त्याला पाणी पाजते. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते. म्हणून पहिले सहा महिने बाळाला वेगळ्या पाण्याची गरज नाही. पाणी भरपूर प्यावे ते आईने.

याच ठिकाणी व्रतांचा प्रश्न उभा राहतो. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा देहाने गर्भारपणात किंवा अंगावर मूल पीत असताना निर्जल उपवास केला, तर त्याचा भार त्या मातेबरोबर बाळावरही पडतो. ‘सगळ्या बायकांनी धरला, मी कशी मागे राहू?’ या संकोचातून धरलेल्या उपवासाला तप कसे म्हणावे?

सोळा कारण भावनांत तप सांगितले आहे ते शक्तीनुसार. गर्भवतीची आणि स्तनदा मातेची शक्ती दोन जिवांत वाटलेली असते. तिचे तप त्या मापानेच मोजले पाहिजे. दशलक्षण पर्वातील दहा धर्मांपैकी तप हा एक आहे. क्षमा, मार्दव, आर्जव, सत्य यांची साधना तिला पोटभर जेवूनही करता येते. स्वाध्याय आणि जपही करता येतो.

सूतकामुळे बाळंतिणीला विसावा मिळतो, तो अवश्य जपावा. मात्र त्या नावाखाली तिला अंधाऱ्या, कोंदट खोलीत बसवू नये. उजेड, मोकळी हवा आणि पोटभर सकस आहार हा तिचा अधिकार आहे. घरातील चालीरीतींची सूत्रे बहुधा सासूबाईंच्या हाती असतात. येत्या पर्वात त्यांनीच पुढे होऊन सुनेला म्हणावे, ‘बाई, यंदा तुझा उपवास नाही, तू आधी जेव.’ नातवंडाची पहिली दया तेथूनच सुरू होते.